मदत हवी आहे: इराण-इराक सीमेवरच्या शत्त-अल-अरब नदीच्या मुखाजवळची २००७ची जागा नकाशावर कशी तपासू?

मंडळी, २३ मार्च २००७ला 'एचएमएस कॉर्नवॉल' या ब्रिटिश युद्धनौकेच्या १५ जणांना इराणने पकडलं, ते प्रकरण मी सध्या चाळतोय. (ते ज्या मालवाहू जहाजाची झडती घेऊन परतत होते, ते भारतीय झेंड्याचं होतं, म्हणून कुतूहल जास्तच.)

ब्रिटनने दिलेली जागा: २९ अंश ५०.३६ मिनिटं उत्तर, ४८ अंश ४३.०८ मिनिटं पूर्व. म्हणजे इराकी हद्दीत १.७ सागरी मैल आत. ब्रिटनच्या म्हणण्याप्रमाणे इराणने आधी दिलेली जागाही इराकच्याच पाण्यात पडत होती, आणि हे लक्षात आणून दिल्यावर आकडे बदलले.

मी पहिल्यांदा घोळ घातला. ५०.३६ मिनिटं म्हणजे ५० मिनिटं ३६ सेकंद असं धरलं. प्रत्यक्षात ०.३६ मिनिट म्हणजे २१.६ सेकंद. एवढ्यानेच ठिपका साडेचारशे मीटर उत्तरेला सरकला!

आता ठिपका नीट बसलाय, अडलंय ते रेषेवर. इराण-इराकमधल्या १९७५च्या अल्जियर्स कराराची हद्द नदीच्या मुखापर्यंतच आहे. पुढे समुद्रात दोघांना मान्य असलेली रेषाच नाही, मग १.७ मैल मोजायचे कुठून? तिथला किनारा चिखलाचा, आणि मोजायला आधार धरायची ती ओहोटीची रेषा गाळाबरोबर हलणारी.

मर्चंट नेव्हीतलं किंवा चार्टवर (सागरी नकाशांवर) काम केलेलं कुणी आहे का? त्या काळच्या चार्टवरची ओहोटीरेषा धरून मध्यरेषा (दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची रेषा) हाताने कशी काढतात, तेवढं सांगा. गूगलच्या नकाशावरची रेघ नको, तिच्यावर माझा भरवसा नाही.