डॉट कॉमची चावी अमेरिकेच्याच खिशात का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्याची साइट डॉट कॉमवर. माल सोलापूरचा, गिऱ्हाईक आखातातलं, पण डॉट कॉमची नोंदवही, म्हणजे कुठलं नाव कुणाचं याची यादी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या व्हेरिसाइनकडे. २०११ मध्ये रोजादिरेक्ता या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या लिंका देणाऱ्या स्पॅनिश साइटचं डॉट कॉम अमेरिकी सरकारनं जप्त केलं. स्पेनच्या कोर्टांनी साइट कायदेशीर ठरवली होती, तरीही! परत द्यायला दीड वर्ष लावलं. भारतानं त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या धोरणांसाठी ५० देशांची समिती मागितली होती. ती व्हायला हवी होती.

रंगभवन_रूट: भाऊ, खिचडी करताय. जप्ती झाली कारण व्हेरिसाइन अमेरिकी कंपनी आहे. रूट झोनचा, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन अशा सगळ्या शेपट्यांच्या मूळ यादीचा कारभार वेगळा, तो आयकॅन ही ना-नफा संस्था बघते आणि अमेरिकी वाणिज्य खात्याशी असलेला तिचा करार २०१६ मध्येच संपला. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेननं रशियाचं डॉट आरयू बंद करा म्हणून पत्र लिहिलं, आयकॅननं साफ नाही म्हटलं. तिथं ५० सरकारं बसली असती तर? मतांची फोडाफोडी सुरू झाली असती. आणि भारतानंही २०१५ मध्ये भूमिका बदललीच की.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: करार संपला, पत्ता बदलला का? आयकॅन आजही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली. २०२० मध्ये डॉट ऑर्गच्या नोंदवहीची खासगी कंपनीला होणारी विक्री आयकॅननं अडवली, त्याआधी कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचं पत्र आलं होतं. निर्णय चांगलाच झाला, पण आपल्या महाधिवक्त्याचं पत्र कुणी उघडून तरी बघितलं असतं का?

चाटीगल्ली_ताई: त्या विक्रीविरुद्ध जगभरच्या संस्था ओरडत होत्या, ते विसरलात. शिवाय सरकारांवर एवढा भरवसा कशाला? आपल्याकडे नेट बंद करायला कुठल्या आयकॅनची परवानगी लागते? एवढीच भीती असेल तर डॉट इन घ्या, ते निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, दिल्लीत.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: ताई, डॉट इन घेऊनच ठेवलंय. पण प्रत्येक कार्टनवर, लेबलवर, बँकेच्या कागदावर डॉट कॉम छापलंय. दुबईचा व्यापारी मेल पाठवतो त्याच पत्त्यावर. तो बदला म्हटलं की त्याला पहिली शंका येते, हा फसवणुकीचा मेल तर नाही ना.

रंगभवन_रूट: ही अडचण खरी. पण ती संयुक्त राष्ट्रांची समिती कशी सोडवणार, तेवढं सांगा.