डबा फिरवून किती जमतं?

कुणीतरी म्हटलंय, माहितीपट यूट्यूबवर फुकट टाका, लोक बघतीलच. बघतील हो, पण तोवर बनवणाऱ्याचं घर कसं चालायचं? मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी केलेला गोळीबार १९९७चा. त्यावरून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड' आला २०११मध्ये. १४ वर्षं! इतका धीर कोणता पैसेवाला धरतो?

मागे नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका छोट्या हॉलात आम्ही कापूस उत्पादकांवरचा माहितीपट दाखवला. पडदा म्हणजे चादर, त्यात कूलरची घरघर. अर्धे संवाद त्यातच गेले. शेवटी स्टीलचा डबा फिरवला, तर दहा-वीसच्या नोटा आणि एक बसचं तिकीट निघालं. दिग्दर्शिका यवतमाळहून स्वतःच्या खर्चानं आलेली. आता आम्ही आधी मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं जमवतो, मगच तारीख ठरवतो. चहा-समोसे उरले पैसे तर.