ग्लिसरॉलपासून तांब्याच्या उत्प्रेरकावर १,२-प्रोपेनडायॉल मिळते, १,३-प्रोपेनडायॉल का मिळत नाही?

प्रश्न:
बायोडिझेल तयार होताना वजनाने साधारण दहावा हिस्सा ग्लिसरॉल (तीन कार्बनचा रेणू, प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल म्हणजे OH गट) उरते. त्याचे मूल्यवर्धन हा माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय आहे. तांबे आणि झिंक ऑक्साइड यांच्या उत्प्रेरकावर २०० अंश सेल्सिअसला हायड्रोजनच्या दाबाखाली रूपांतरण चांगले होते, पण हाती जवळजवळ सगळे १,२-प्रोपेनडायॉल (दोन OH गट शेजारच्या कार्बनवर) येते. पॉलिएस्टरसाठी लागणारे १,३-प्रोपेनडायॉल (OH गट दोन्ही टोकांना) मिळवायचे असेल, तर उत्प्रेरकच बदलावा लागेल का?

उत्तर १:
होय. तांब्यावर रेणूच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने निघून जातो, ॲसिटॉल तयार होते आणि त्याच्याशी हायड्रोजनचा संयोग झाला की १,२-प्रोपेनडायॉल मिळते. दाब वाढवल्याने ही वाट बदलत नाही. आपल्याला मधल्या कार्बनवरचा गट काढायचा आहे, आणि ते काम ब्रॉन्स्टेड आम्लस्थळे (उत्प्रेरकावरील प्रोटॉन देणाऱ्या जागा) करतात. अडचण अशी की त्यातून तयार होणारे ३-हायड्रॉक्सीप्रोपेनाल टिकत नाही. त्याला लगेच हायड्रोजन मिळाला नाही, तर पाण्याचा आणखी एक रेणू गमावून ते ॲक्रोलिन बनते. म्हणून आम्लस्थळाला अगदी लागून हायड्रोजन देणारा धातू हवा. ॲल्युमिनावर बसवलेले प्लॅटिनम आणि टंगस्टन ऑक्साइड इथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. सिलिकावरील इरिडियम-रेनियम ऑक्साइडही १,३ देते, परंतु दोन्ही धातू फार महाग आहेत.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सुरुवात शुद्ध ग्लिसरॉलनेच करावी. कच्च्या ग्लिसरॉलमधले सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार आम्लस्थळांवरील प्रोटॉनची जागा घेतात, आणि मग दोष उत्प्रेरकाचा की कच्च्या मालाचा हे ठरवणे कठीण जाते. शिवाय ॲक्रोलिन अत्यंत विषारी असून डोळ्यांना झोंबते, त्यामुळे रिॲक्टर फ्यूम हूडखालीच (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघडावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अभिक्रिया जास्त वेळ चालवली, तर १,३ चे प्रमाण वाढेल का?

उत्तर १:
एका मर्यादेपर्यंतच. पुढे १,३-प्रोपेनडायॉलचाही हायड्रॉक्सिल गट निघून १-प्रोपेनॉल तयार होऊ लागते. त्यामुळे ठरावीक अंतराने नमुने काढून गॅस क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) तपासावेत आणि १-प्रोपेनॉल झपाट्याने वाढू लागण्याआधीच अभिक्रिया थांबवावी. केवळ शेवटचा नमुना तपासला, तर मधेच १,३ किती तयार झाले होते ते कळणारच नाही.