मदत हवी आहे: विस्कॉन्सिनच्या (अमेरिकेतलं राज्य) पोल डेटाचं वेटिंग, शिक्षणाचं टार्गेट कुठून घ्यायचं?

मंडळी, प्रोजेक्टसाठी 2020 च्या सीईएस (अमेरिकेतला मोठा निवडणूक सर्व्हे) मधला फक्त विस्कॉन्सिनचा डेटा घेतलाय आणि आर मध्ये (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) रेकिंग करतोय, म्हणजे सॅम्पलमधल्या गटांचं प्रमाण खऱ्या प्रमाणाशी जुळेपर्यंत उत्तरांना कमी-जास्त वजन देतोय. वय, लिंग, वंश आणि शिक्षण एवढं घातलंय. शिक्षण अशासाठी की 2016 मध्ये बऱ्याच राज्यांच्या पोल्सनी नेमकं तेच सोडलं होतं, कॉलेज शिकलेले लोक सर्व्हेला जास्त उत्तरं देतात त्यामुळे ट्रम्पची मतं कमी दिसली. पण 2020 मध्ये बहुतेकांनी ते सुधारूनही एबीसी-वॉशिंग्टन पोस्टने तिथे बायडनना 17 पॉइंटची आघाडी दिली (!) आणि जिंकले ते 1 पॉइंटपेक्षाही कमीने, म्हणजे नुसतं शिक्षण घालून भागत नाही हे कळलं.

आता अडलोय ते टार्गेटवर, म्हणजे मतदारांमधलं शिक्षणाचं खरं प्रमाण कुठून घ्यायचं यावर. एसीएस (सेन्ससचा दरवर्षीचा लोकसंख्या सर्व्हे) घेतलं तर सगळे प्रौढ येतात, मत न देणारेसुद्धा. एक्झिट पोलमध्ये पदवीधर जरा जास्तच दिसतात, आणि सेन्ससच्या नोव्हेंबरच्या सीपीएसमध्ये (मत दिलं का हे विचारणारा सर्व्हे) मत न देताही दिलं म्हणणारे असतात. दोन्ही लावून बघितले, आघाडी बऱ्यापैकी हलते. प्यू रिसर्च सेंटरचे मतदारांबद्दलचे आकडे देशपातळीचे आहेत, राज्याला चालणार नाहीत. पार्टी रजिस्ट्रेशन (मतदार नोंदणीत लिहिलेला पक्ष) वापर असं कोणी सांगू नका प्लीज, विस्कॉन्सिनमध्ये ते नसतंच. विकतची व्होटर फाइल (कोणी मत दिलं याची नोंद असलेली मतदार यादी) परवडणार नाही.

तर सीपीएसच धरून वर 2016 चं आठवणीतलं मत (तेव्हा कोणाला दिलं म्हणून लोक सांगतात ते) वेटिंगमध्ये घालावं का, की लोक जिंकलेल्याचंच नाव सांगतात म्हणून त्याने उलट आणखी बिघडेल?