मोठ्या संस्थेचे ‘स्थानिक भागीदार’ व्हावे का?

पाणथळ:
आमची संस्था लहान, पगारी माणसं चारच. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने पाणथळ संवर्धनाच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात भागीदार म्हणून बोलावलंय. मसुदा वाचला. गावबैठका आम्ही घ्यायच्या, पक्ष्यांच्या नोंदी आम्ही करायच्या, अहवाल त्यांच्या नावाने निघणार. प्रशासकीय खर्चापोटी आम्हाला शून्य. मग लेखापालाचा पगार कुठून काढू? नाही म्हणावं तर काम अडतं, हो म्हणावं तर आम्ही नुसते मुकादम.

रानवाटा:
असे प्रस्ताव तपासण्यातच माझी सगळी नोकरीची वर्षं गेली, म्हणून सांगते. नकार देऊ नका, सहीही करू नका. मसुदा बदलण्यासाठीच असतो! आधी लेखी विचारा: देणगीदाराकडून तुम्ही प्रशासकीय खर्च किती टक्के घेताय, आणि तो आमच्या वाट्याच्या रकमेवरही लावलाय का? या प्रश्नावर बरेचदा सूर बदलतो.

थेट अनुदानाचीही चौकशी करा. जीईएफ या जागतिक पर्यावरण निधीचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालतो. प्रस्तावांची निवड त्या त्या देशातली समिती करते आणि तिच्यात बहुमत बिगरसरकारी सदस्यांचं असतं. सीईपीएफ हा निसर्ग संवर्धनासाठी संस्थांना अनुदान देणारा आंतरराष्ट्रीय निधी २००० पासून आहे, पण तुमची जागा त्यांच्या जैवविविधता हॉटस्पॉटमध्ये, म्हणजे जीवसृष्टीने समृद्ध पण धोक्यात आलेल्या प्रदेशात, बसायला हवी. मला त्यांची एक गोष्ट आवडते. अनुदानाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते संस्थेचीही क्षमता मोजायला लावतात: माणसं, पैसा, व्यवस्थापन, नियोजन. पक्षी वाढले आणि संस्था बुडाली, तर पुढच्या वर्षी पक्षी मोजणार कोण?

जमाखर्च:
थेट अनुदान ऐकायला गोड आहे, ताई. ऑडिट, दरपत्रकं, तिमाही अहवाल हे सगळं चार माणसांवर पडतं. त्यात हप्ता लांबला की पगार थकले. मोठी संस्था हे ओझं उचलत असेल तर उचलू द्या, फक्त पहिला हप्ता आगाऊ मागा.

आणि एकटे का बोलताय? नेपाळात १९९३ च्या वन कायद्याने वनउपभोक्ता गटांना, म्हणजे आपलं जंगल सांभाळणाऱ्या आणि वापरणाऱ्या गावगटांना, हक्क मिळाले. दोनच वर्षांत त्यांनी महासंघ उभा केला. तेव्हापासून सरकारशी बोलायला गावोगावचे गट सुटेसुटे जात नाहीत. तुमच्या प्रकल्पातही दुसरे ‘स्थानिक भागीदार’ असणारच. त्यांना फोन लावा.

पाणथळ:
टक्केवारीचं पत्र आजच पाठवतो. बाकीच्या भागीदारांची नावंही मागवतो. नोंदींच्या मालकीचं कलम कसं लिहावं?

रानवाटा:
साधं लिहा. ‘मूळ नोंदी स्थानिक संस्थेच्या मालकीच्या राहतील. प्रकाशनाआधी तिची लेखी संमती घ्यावी लागेल आणि नोंदी करणाऱ्यांची नावं लेखकांत येतील. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा कुठेही छापल्या जाणार नाहीत.’ शेवटच्या वाक्यावर ते घासाघीस करणार नाहीत. पहिल्या दोनवर करतील.