दुधाचे दात पडेपर्यंत थांबायचं?

'दुधाचे सगळे दात पडू देत, मग तारा लावा' असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. नुसते वेडेवाकडे दात असतील तर बऱ्याचदा चालतं, पण वरचा जबडाच अरुंद असेल तर नाही. माझ्या लेकीच्या उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसायच्या (क्रॉसबाइट) आणि तोंड मिटताना हनुवटी उजवीकडे सरकायची. आम्हाला वाटायचं, वेडावून दाखवतेय! टाळूच्या मधोमध हाडांचा सांधा असतो, तो वयाबरोबर घट्ट होत जातो. म्हणून साडेआठव्या वर्षीच एक्सपांडर (टाळूला बसवून तो सांधा हळूहळू उघडणारं, जबडा रुंद करणारं स्क्रूचं यंत्र) बसवला.

रोज रात्री बारीक किल्लीने स्क्रूला पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायचा, नाहीतर घशात जायची भीती. दहा-बारा दिवसांत पुढच्या दोन दातांत ही मोठी फट! आजी हादरल्या. पण ती सांधा उघडल्याची खूण असते, पुढे बरीचशी आपोआप मिटली. स्क्रू थांबल्यावरही नवं हाड भरेपर्यंत यंत्र सहा महिने तोंडात होतं. त्यात अडकलेली पोळी काढायला सुई नसलेल्या सिरिंजने पाण्याची पिचकारी मारायचो. पुढे तारा लागतीलच, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.