मुलगी ११ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर. आर्ट थेरपिस्टकडे न्यावं का?

सिन्नरची_आई

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. माझी मुलगी सहावीत आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही असा जन्मजात आजार. सात महिन्यांची असताना कळलं आणि तेव्हापासून रक्त चढवणं चालू आहे, आता दर वीस-एकवीस दिवसांनी नाशिकला डे केअरला नेतो. इतकी वर्षं पोर शहाण्यासारखी यायची, सिस्टरांना स्वतःच सांगायची या हाताची नस नको त्या हाताची घ्या. दिवाळीनंतर मात्र सगळं बिनसलंय. आदल्या रात्री जेवत नाही, पोट दुखतं म्हणते, वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडते ते थेट पिशवी संपेपर्यंत.

आणि गोळी. सारखं रक्त चढवून अंगात लोह साठतं, ते कमी करायची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून प्यायची असते, खडू कालवल्यासारखी लागते, मीही चाखून बघितलीय. गेल्या महिन्यात बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत मातीवर पांढरा थर दिसला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फेरीटिन, म्हणजे अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ततपासणी, २१०० होतं ते ३४०० झालंय. मी ओरडले, तिचे बाबा ओरडले, मग रात्री मीच रडत बसले.

डॉक्टर म्हणाले डे केअरमध्ये बुधवारी एक आर्ट थेरपिस्ट येतात, भेटून बघा. आता माझा गोंधळ असा की ती एलिमेंटरीच्या क्लासला जातेच, सर म्हणतात हात चांगला आहे, मग हे वेगळं काय? सासूबाई म्हणतात चित्रं काढून रक्त वाढणारे का, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. शिवाय आधीचा एक वाईट अनुभव आहे. सुट्टीत एका ठिकाणी दोन दिवसांचं आर्ट थेरपी शिबिर होतं, तिथल्या बाईंनी तिच्या चित्रातला काळा रंग बघून तिच्यासमोरच मला सांगितलं की मुलगी डिप्रेशनमध्ये आहे. तेव्हापासून वही लपवून ठेवते. खरा थेरपिस्ट ओळखायचा कसा? कुणी मुलांना नेलंय का?

विदुला_पुणे

ताई, पहिलं काम, गोळी फेकली जातेय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय ना? नाहीतर फेरीटिन वाढलं म्हणून ते डोस वाढवतील. थेरपीचं काय ते बघू, पण हे आजच फोन करून सांगा.

सिन्नरची_आई

हो सांगितलं, ते रागावले नाहीत, उलट म्हणाले या वयात बरीच मुलं असं करतात. त्यावरूनच थेरपिस्टचा विषय निघाला.

तेलखडू

मी आर्ट थेरपिस्ट आहे, मुलांच्या वॉर्डात काम करते. आधी त्या काळ्या रंगाचं बोलते कारण वाचून फार वाईट वाटलं. काळा म्हणजे डिप्रेशन, लाल म्हणजे राग असं काही नसतं हो. मुलं काळा घेतात कारण तो कागदावर उठून दिसतो, कधी पेटीत तेवढाच एक धड खडू उरलेला असतो. चित्र बघून पत्रिकेसारखं भविष्य सांगणारा माणूस थेरपिस्ट नाही, आणि मुलीच्या देखत बोलणारा तर नाहीच नाही.

क्लासमध्ये आणि आमच्याकडे फरक म्हणाल तर क्लासमधले सर बघतात चित्र बरोबर आलंय का. वस्तुचित्रात तांब्याचा काठ वाकडा गेला तर खोडून परत काढायला लावतात आणि परीक्षेसाठी ते योग्यच आहे. माझ्याकडे काठ वाकडा गेला तर तसाच राहतो. मी विचारते, या तांब्याबद्दल सांगायचंय का काही? आणि नाही म्हटलं तर नाही. विचार करा, आजारी मुलाच्या दिवसात त्याला नाही म्हणता येईल अशी जागा किती असते. सुई नको म्हणता येत नाही, गोळी नको म्हणता येत नाही, शाळा बुडवायची नाही म्हटलं तरी बुडते. कागदावर काय काढायचं, कुठला रंग, फाडायचं की ठेवायचं, हे सगळं त्याचं. तुमच्या मुलीने एक नाही शोधून काढला तो तुळशीच्या कुंडीत, आणि तो तिच्या जिवावर बेतणारा आहे. तिला दुसरी जागा मिळाली पाहिजे.

एक मुलगा सांगते, ओळख पटणार नाही असं बघून. डायलिसिसवर होता, त्यामुळे दिवसाचं पाणी मोजून. बरेच सेशन तो फक्त पाणी काढायचा, विहीर, टाकी, गळका नळ, पावसात भिजलेली एसटी. जलरंगात ब्रश इतका ओला करायचा की कागद फाटायचा. मी काही अर्थ लावला नाही, दर वेळी जाड कागद आणला एवढंच. मग एके दिवशी ब्रश हलवता हलवता माझ्याकडे न बघताच म्हणाला, मी बाथरूममध्ये नळाचं पाणी पितो. घरात कुणाला माहीत नव्हतं, वजन का वाढतंय म्हणून आईला बोलणी बसत होती. त्याला विचारूनच आम्ही डॉक्टरांशी बोललो, आणि ठरलेल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या खड्यांत द्यायचं ठरलं, म्हणजे तोंडात जास्त वेळ राहतं. हे प्रश्न विचारून बाहेर आलं नसतं, सगळे विचारून थकले होते.

सासूबाईंना सांगा, रक्त वाढत नाही, हिमोग्लोबिन वाढत नाही, औषधाला हा पर्याय नाहीच. पण हे फॅडही नाही. आर्ट थेरपी हा शब्दच मुळी लांबच्या आजारातून आलाय. ॲड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार १९३८ साली टीबीच्या सॅनेटोरियममध्ये पडून होता, अंथरुणातूनच चित्रं काढायला लागला, नंतर शेजारच्या पेशंटना काढायला लावली आणि १९४२ मध्ये त्यानेच हा शब्द वापरात आणला.

लातूरचे_बाबा

माझ्या मुलाला सातव्या वर्षी ब्लड कॅन्सर (ए एल एल) झाला, आता चौदाचा आहे, ट्रीटमेंट संपून बरीच वर्षं झाली. अडीच वर्षं मुंबईला परळच्या फेऱ्या, सुरुवातीचे आठ महिने तर तिथेच खोली घेऊन राहिलो. त्याला सगळ्यात भीती पाठीतल्या सुईची, चार माणसांनी धरायचं आणि तो ओरडायचा बाबा तुम्ही पण धरताय, हे वाक्य अजून कानात आहे.

वॉर्डात एक ताई यायच्या. त्यांनी काय केलं तर नवीन सिरिंज, सुई न लावलेल्या, त्यात पोस्टर कलर भरून दिले आणि भिंतीला मोठा कागद लावला. पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या वेळी एकच पिचकारी मारली. तिसऱ्या वेळी कागद, चादर, माझा शर्ट सगळं निळं. मग ताईंनी बाहुला आणला आणि डॉक्टर कोण होणार विचारलं, पोराने बाहुल्याला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले, पाठ पुसली आणि म्हणाला हलू नकोस, मी तीनपर्यंत मोजतो. पुढच्या वेळी खऱ्या टेबलावर त्याने डॉक्टरांना तेच सांगितलं, तीनपर्यंत मोजा. रडला, पण चार जणांनी धरावं लागलं नाही.

माझी चूक सांगतो ती करू नका. त्याने एक चित्र काढलेलं, टक्कल असलेला मुलगा आणि डोक्यावर पतंग. मला इतकं आवडलं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे, हात जोडलेले, किती गोड वगैरे. त्याला कळलं. दीड महिना खडू हातात धरला नाही. ताईंनी मला बाहेर नेऊन शांतपणे सांगितलं की ते चित्र त्याचं होतं. मी त्याची माफी मागितली, सात वर्षांच्या मुलाची, आणि ग्रुपवरून डिलीट केलं.

आमच्याकडे रक्तातल्या पेशींचे काउंट कमी असायचे, इन्फेक्शनची भीती, म्हणून खडू प्रत्येकाचे वेगळे, कुणाचे कुणाला द्यायचे नाहीत, साधी माती चालायची नाही, प्लेटलेट कमी असल्या की कात्री बंद. थॅलेसेमियात एवढं नसेल, तरी विचारून घ्या.

बी_पॉझिटिव्ह

काकू, मी २४ वर्षांचा आहे, मेजरच, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाजूने बोलतो. मी गोळ्या गादीखाली ठेवायचो. चव हे कारण मी सगळ्यांना सांगायचो, खरं कारण वेगळं होतं. सहावी-सातवीत वर्गातली सगळी पोरं एकदम उंच व्हायला लागली आणि मी तिथेच, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं की हे आयुष्यभर आहे, दहावीनंतर संपणार वगैरे काही नाही. लहानपणी कुणी तसं म्हटलं नव्हतं पण मीच धरून चाललो होतो. असं वाटलं की मग आजची एक गोळी घेतली काय नाही काय. तुमच्या मुलीचं हेच असेल असं नाही, पण ती गोळीवर चिडलेली नसेलही.

आमच्या सेंटरला एक दादा यायचे आर्ट थेरपीला. ते कागदाचा लांब रोल सगळ्या बेडवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरायचे, म्हणजे सलाईन लावलेल्या हाताने न उठता जेवढं पोचेल तेवढं तुमचं, पुढे शेजारच्याचं. माझ्या उजव्या हाताला सुई असायची म्हणून मी डाव्या हाताने काढायचो, आणि डावा वाकडाच येणार, त्यामुळे चांगलं काढायचं टेन्शनच नाही. मी पिशवीवरचा नंबर बघून रक्त देणाऱ्याचा चेहरा काढायला लागलो. कोण असेल, रिक्षावाले काका असतील, कॉलेजची मुलगी असेल, रक्त देऊन बिस्किटं खाऊन घरी गेली असेल. वहीत साठच्या वर चेहरे आहेत. मला आधी पिशवीकडे बघवायचं नाही, चेहरे काढायला लागल्यावर बघवायला लागलं. त्या रोलवर माझ्या शेजारी बसणारी मुलगी आजही माझी मैत्रीण आहे, फेरीटिनचे रिपोर्ट आम्ही एकमेकांना पाठवतो.

गोळीबद्दल एक, गिळायची कोटेड गोळीही मिळते, तिचा डोस वेगळा असतो त्यामुळे आपणहून बदलायची नाही, डॉक्टरांना विचारा.

लेस्टरकर

मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये मुलांच्या हॉस्पिटलात प्ले स्पेशालिस्ट आहे. लातूरच्या दादांनी सांगितलं त्यातलं सिरिंजचं, बाहुल्याचं काम इथे बऱ्याचदा आम्ही करतो, म्हणजे प्रोसिजरची तयारी. मन मोकळं करायचं, महिनोन् महिने चालणारं काम आर्ट थेरपिस्टचं. इथे त्यासाठी मास्टर्स लागतं आणि सरकारी रजिस्टरवर नाव लागतं, नाव नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे. भारतात चार दिवसांचा कोर्स केलेलेही पाटी लावतात, म्हणून ताई तुम्हीच विचारायचं, बिचकू नका. शिक्षण कुठलं, किती वर्षांचं, वॉर्डात कुणाच्या देखरेखीखाली काम केलंय, आत्ता अडचण आली तर तुम्ही कुणाला विचारता, चित्रं कुणाकडे राहतात, आणि मुलगी जिवाचं बरंवाईट बोलली तर काय करता. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही.

अभ्यासांबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. एक अमेरिकेत डेन्व्हरला दमा असलेल्या २२ मुलांवर झालेला, २०१० मध्ये छापून आला, सात आठवडे दर आठवड्याला एक तास, आणि थेरपी मिळालेल्या मुलांची चिंता कमी झाली. इटलीत कातानियाला ल्युकेमियाच्या मुलांवर त्याआधी झालाय, सुईच्या प्रोसिजरला मुलं जास्त सहकार्य करायला लागली. छोटे अभ्यास आहेत, यावरून मोठे दावे कुणी करू नयेत. पण मुलांना त्रास कमी होतो हे मी रोज बघते.

सिन्नरची_आई

सगळ्यांचे खूप आभार, दोन महिन्यांनी लिहितेय. बुधवारच्या ताईंना सगळे प्रश्न विचारले, त्यांनी सर्टिफिकेट फोनवर दाखवलं आणि फी डे केअरतर्फे आहे म्हणाल्या. पाच वेळा झालं. पहिल्या वेळी पोर भिंतीकडेच तोंड करून होती, त्या नुसत्या शेजारी बसून स्वतःच्या कागदावर रेघा ओढत होत्या. तिसऱ्या वेळी मी चहा घेऊन आले तर ही उठून बसलेली.

बी पॉझिटिव्ह, तुझं वाचून तिला विचारायचा मोह झाला, विचारलं नाही. पण एका रात्री भांडी घासताना तीच म्हणाली, आई मला पाळी येईल ना गं? वर्गातल्या सगळ्यांना आली. मी हातातलं भांडं तसंच ठेवलं. मग डॉक्टरांकडे जाऊन दोघींनी मिळून विचारलं, त्यांनी हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्यात आणि तिला, मला नाही तिला, लोह साठलं की त्याचा यावर कसा परिणाम होतो ते कागदावर काढून दाखवलं.

गोळी कोटेड मिळेल का ते बघतायत, तोवर तीच पाण्याची. ग्लासात आता ती स्वतः ढवळते, मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते, बघत नाही, फक्त चमच्याचा आवाज ऐकते. दोनदा चुकली तर येऊन सांगितलं. फेरीटिन पुढच्या महिन्यात आहे.

चित्रं मी अजून एकही पाहिलेली नाहीत, फाइल ताईंकडे असते. काल फक्त म्हणाली, तपकिरी तेलखडू संपलाय, माझ्या हाताच्या रंगाचा, दोन आण.